नेटचं आवर्तन

आमच्या बिल्डिंगमध्ये इंटरनेट आलं, त्या दिवशी सावळेराम अण्णांनी सगळ्यात आधी कुलूप आणलं.

बिल्डिंग जुन्नरच्या बाजारपेठेच्या मागच्या अंगाला. तीन मजले, पाच बिऱ्हाडं. पाचही घरं शेतकऱ्यांची. रान गावाकडे आणि माणसं इथे, कोणी पोरांच्या शाळेसाठी तर कोणी गुडघ्यांच्या डॉक्टरसाठी. तळमजल्यावर अण्णांच्या घरी फोन होता. त्या फोनवर नेट घ्यायचं आणि तिथून वायरी ओढून सगळ्यांनी वापरायचं, असं ठरलं. टेलिफोनवाला आला. त्यानं जिन्याखाली, मीटरशेजारी मोडेम आणि एक आठ भोकांची डबी बसवली, पाच वायरी पाच घरांत नेल्या आणि चहा पिता पिता म्हणाला, "झालं. आता याला कुणी हात लावायची गरज नाही."

हे वाक्य अण्णांना फार लागलं. अण्णा तेहतीस वर्षं पाटकरी होते. कालव्याचं पाणी कोणत्या चारीला किती तास सोडायचं, कुणाचं दार कधी उघडायचं आणि कधी पाडायचं, हे त्यांच्या शब्दावर चालायचं. वरून एक धार येतेय, ती पाच जणांत वाटायची आहे, आणि हात लावायची गरज नाही?

"वाटणारा नसला की मुखाशी बसलेला सगळं वढून घेतो," ते म्हणाले. "टेलला, शेवटच्या रानात, थेंब जात न्हाई. म्या बघितलंय."

"अण्णा, हे पाणी न्हाई," पहिल्या मजल्यावरचे हौशीराम भाऊ म्हणाले.

"मग काय हाय?"

हौशीराम भाऊंना सांगता येईना. मलाही येईना. मी लग्नाआधी कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता, सर्टिफिकेट लॅमिनेट करून ठेवलेलं आहे, पण नेट म्हणजे काय याबद्दल "पाणी नाही" एवढंच मला खात्रीनं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी डबीवर लोखंडी पेटी बसली आणि पेटीवर कुलूप.

मला नेट हवं होतं ते एकाच कामासाठी. आदेश ओमानला गेला तेव्हा आमची इंद्रायणी चाळीस दिवसांची होती. आता ती दहा महिन्यांची झाली होती, खाली दोन दात आले होते, आणि तिच्या मते बाबा म्हणजे माझा राखाडी मोबाइल. रविवारी त्यातून आवाज यायचा, "इंदू, ए इंदू, बाबा बोलतोय," आणि ही मोबाइलला दोन्ही हातांनी धरून त्याचं बटण चोखायची. मग आठवडाभर मोबाइलच बाबा. त्याला भात भरवायची. त्याला पालथं घालून थोपटायची. आणि मिशीवाला खरा माणूस दिसला की असा टाहो फोडायची की हौशीराम भाऊ जिन्यात आम्हांला बघून रुमालानं तोंड झाकायला शिकले होते.

आदेशला मिशी आहे. तो जुलैत सुट्टीवर येणार होता. दारात बॅगा ठेवून हात पसरणार, आणि ही किंचाळत माझ्या मानेत तोंड खुपसणार. भाकरी थापताना मला हे इतकं स्पष्ट दिसायचं की भाकरी वाकडी व्हायची.

म्हणून आम्ही जुना कॉम्प्युटर घेतला, कॅमेरा घेतला. आदेशच्या कॅम्पात चारशे माणसं आणि एक कॉम्प्युटर. तिथे केरळचे एक चाचा वही घेऊन बसत आणि वेळ देत. आदेशला मिळाला होता शुक्रवार, आपल्याकडचे चार ते साडेचार. बदलून मागितला तर चाचा म्हणाले, वहीत लिहिलंय ते लिहिलंय. आणि सत्तावीस डिसेंबरला त्याला आत वाळवंटातल्या साइटवर हलवणार होते, जिथे फोनसुद्धा टेकडीवर चढून करावा लागतो. म्हणजे हातात तीन शुक्रवार. तीन शुक्रवारांत इंदूला बापाचं तोंड ओळखीचं करून द्यायचं होतं. एवढंच.

एवढंच, असं मला वाटत होतं.

अण्णांनी सगळ्यांकडून अर्ज मागवले. पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज असतो, तसाच हातानं रेघा मारून केलेला. अर्जदाराचं नाव. क्षेत्र. पीक. हंगामी की बारमाही.

हौशीराम भाऊंनी पिकापुढे लिहिलं, 'टोमॅटो, नारायणगावचे भाव.' तळमजल्यावरच्या कुंडलिक गुरुजींनी लिहिलं, 'ज्ञान.' अण्णांनी चष्मा वर केला. "हंगामी का बारमाही?"

"ज्ञान बारमाहीच असतं," गुरुजी म्हणाले.

"तुमी रिटायर झालाय गुरुजी. हंगामी लिवतो."

मी इंदूला कडेवर घेऊन एका हातानं लिहिलं. क्षेत्र, दोन खोल्या आणि किचन. पिकाच्या रकान्याशी अडले. मग लिहिलं, 'इंद्रायणी, वय दहा महिने. बारमाही.' अण्णांनी ते वाचलं, इंदूकडे बघितलं आणि शिक्का मारला. त्यांच्याकडे शिक्का होता. कशाचा ते मी विचारलं नाही.

राहिल्या प्रयागबाई. आमच्या समोरच्या दारातल्या. वय पासष्टच्या पुढे, घरात एकट्या, आंबेगाव तालुक्यात घोडेगावच्या पलीकडे त्यांची शेती, ती वाट्यानं दिलेली. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. टीव्हीसुद्धा नव्हता.

"मावशी, तुमचं पीक काय लिवू?" अण्णांनी विचारलं.

"पड."

"पड रानाला पाळी कशाला?"

"रान पड असलं म्हणून हिस्सा जातो व्हय? वायर माज्या घरात आलीया. माजी पाळी लाव."

अण्णांनी मान हलवली. कायदा त्यांना पटला.

सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, दोन-दोन तासांच्या पाच पाळ्या. लाइट जायची ती त्याच्या आधी नाहीतर नंतर. पाळ्यांच्या चिठ्ठ्या केल्या आणि चिठ्ठ्या उचलायला लहान लेकरू पाहिजे, म्हणून इंदूला जिन्याखाली सतरंजीवर बसवलं. अण्णा नाव घेत आणि इंदू पितळी ताटलीतून एक चिठ्ठी उचलून, वास घेऊन, त्यांच्या हातावर ठेवी. सगळे "शाबास" म्हणत. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

"नूतन, तिसरा मजला!" इंदूनं मला दिले आठ ते दहा. सकाळचे. त्या वेळी आदेश कामाच्या बसमध्ये असतो.

हौशीराम भाऊंना दहा ते बारा. अण्णांना स्वतःला बारा ते दोन. अण्णांकडेही कॉम्प्युटर नव्हता, त्यांनी ते दोन तास डबीला विसावा म्हणून राखून ठेवले. गुरुजींना दोन ते चार. आणि प्रयागबाईंचं नाव घेतलं तेव्हा ताटली रिकामी. इंदू चावत होती. मी तिच्या तोंडात बोट घालून ओला गोळा काढला, उलगडला. चार ते सहा.

प्रयागबाईंनी तो गोळा पदराला बांधला. "लेकराच्या तोंडातून आलेली पाळी," त्या म्हणाल्या. "देवाची हाय."

दुसऱ्या दिवसापासून आवर्तन सुरू झालं. आठला अण्णा पेटी उघडून चार वायरी उपटत, माझी एक खोचत आणि जिन्यातून हाक देत, "सोडलंऽऽ!"

मी वरून सांगायचे, "अजून आलं नाही, अण्णा!"

"दम धरा. तिसऱ्या मजल्याला चढतंय."

मग आलं की मी "आलं!" म्हणून ओरडायचं, तोपर्यंत ते जिन्याशी कमरेवर हात देऊन उभे. दहा वाजता "पाडलंऽऽ!" आणि माझं नेट बंद. मी अर्ध्या वाक्यात असले तरी बंद. एकदा मी इंदूच्या जुलाबावर काय द्यावं ते वाचत होते. 'सर्वात महत्त्वाचे म्हणजे' इथपर्यंत आले आणि अण्णांनी दार पाडलं.

चारला प्रयागबाई वायरीच्या टोकावरची प्लॅस्टिकची पिशवी सोडत, टोक जमिनीला लागू नये म्हणून तांब्यात ठेवत, आणि तांब्याशेजारी बसून वाती वळत. सहाला पिशवी परत. दोन तास सगळ्या बिल्डिंगचं नेट त्या रिकाम्या तांब्यात जायचं.

पहिल्या शुक्रवारी, अकरा तारखेला, मी अण्णांकडे गेले. "अण्णा, आजच्यापुरते चार ते साडेचार मला द्या. त्यांचा तिकडून नंबर आहे."

"मला न्हाई म्हणायचा हक्क न्हाई आणि व्हय म्हणायचाबी न्हाई. पाळी ज्याची, त्याचा अंगठा आणा."

प्रयागबाई म्हणाल्या, "अर्ध्या तासाचं म्हनशील तर चहाला थांब. पाळी न्हाई देनार."

"मावशी, तुमच्या तांब्यात काय पडतंय?"

"पडंल न्हाईतर न पडंल. माजं हाय."

साडेचारला मोबाइल वाजला. आदेश म्हणाला, "अर्धा तास मी पडद्यात माझंच तोंड बघत बसलो." इंदूनं मोबाइलचा मुका घेतला.

दुसऱ्या आठवड्यात नेट मंदावलं. चित्र उघडायला भात शिजण्याइतका वेळ. अण्णांनी निदान केलं, "चारीत गाळ साचला." रविवारी सकाळी सगळ्यांनी श्रमदानाला यायचं फर्मान निघालं. मी इंदूला पाठीशी बांधून ओल्या फडक्यानं तिसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत वायर पुसत आले. हौशीराम भाऊ शिडीवर. गुरुजी पेटीपाशी, ते टोकं पुसत होते आणि प्रत्येक टोक परत दाबून बसवत होते. माझ्या दाराशी उरलेल्या वायरीचं वेटोळं खिळ्याला अडकवलेलं होतं. ते पाहून हौशीराम भाऊ शिडीवरूनच ओरडले.

"अण्णा, ओ अण्णा! वहिनींनी दारात शेततळं केलंय राव! हे बघा साठवण! म्हणून आमाला दाब न्हाई!"

"मी काही साठवत नाही हो, भाऊ. वायर जास्तीची आहे."

"जास्तीची हाय म्हणूनच साठतंय ना!"

अण्णांनी वेटोळं सोडवून गॅलरीभर सरळ ताणून घेतलं. त्यावर मी आता इंदूची दुपटी वाळत घालते. आणि दुसऱ्या दिवशी नेट खरंच झरझर आलं. गुरुजींनी एखादं सैल टोक घट्ट केलं असणार, असं मी म्हणून पाहिलं. पण गाळ निघाला यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं. हौशीराम भाऊंनी तर आपलं काळं पडलेलं फडकं पुरावा म्हणून दाखवलं.

शुक्रवारी, अठरा तारखेला, हौशीराम भाऊंची पुतणी आरती आली. अवसरीला नुकतंच इंजिनिअरिंग कॉलेज निघालंय, तिथे ती पहिल्या वर्षाला आहे. तिनं पेटी बघितली, कुलूप बघितलं, वेळापत्रक बघितलं आणि जिन्याच्या पायरीवर बसून हसत सुटली.

"अण्णा, पाचही वायरी एकदम लावा. सगळ्यांना एकाच वेळी मिळतं. ही डबी त्यासाठीच असते."

"एका चारीतून पाच दारं एकदम?"

"हो."

"दाखव."

मी चारच्या आत इंदूचे केस ओले करून विंचरले, काजळ लावलं, पिवळं झबलं घातलं. आदेशनं घेतलेलं, बाहीला बदक असलेलं. चार वाजले. अण्णांनी जड हातानं पाचही वायरी खोचल्या आणि एखाद्या पापात सहभागी झाल्यासारखे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

सगळ्यांना मिळालं. त्यामुळे सगळ्यांनी घेतलं. हौशीराम भाऊंनी दोन तासांचं कीर्तन उतरवायला लावलं. गुरुजींनी ग्रहमाला उघडली, सगळे ग्रह एकदम. आणि माझ्या पडद्यावर आदेश आला. आधी कपाळ आलं. मग बराच वेळ काही नाही. मग खालून मिशी आली. नाक आलंच नाही. मध्ये करड्या चौकटी, आणि त्यातून आवाज, "इं... इं... बा... लतो..."

इंदूनं ते कपाळ आणि ती मिशी पाहिली आणि इतकी किंचाळली की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला. मी तिला छातीशी धरून पडद्याला सांगत होते, "अहो, हलू नका, नाक येऊ द्या!" पडदा काळा झाला.

खालून अण्णा, "टेलला दाब हाय का?"

"नाहीऽऽ!"

ते आरतीकडे वळले. आवाज अगदी मऊ. "पोरी, तुमच्या कॉलेजात कालवा शिकवत न्हाईत का?"

आरती बिचारी प्रामाणिक. म्हणाली, "लाइन बारीक आहे, अण्णा. व्हिडिओ सगळ्यांनी एकदम लावला तर... तुम्ही म्हणता तसंच होतं."

त्या दिवसापासून अण्णांचं कोणी काही खोडेना. वर प्रयागबाई जिन्याच्या तोंडाशी येऊन उभ्या. "माजी पाळी कुणी फोडली? चार वाजल्यापास्नं माज्या वायरीवर पाच तोंडं लावली? मी काय मेलेय?"

मी त्यांच्या घरी गेले, ते माफी मागायला. इंदू हुंदके देत देत खांद्यावर झोपली होती. खरं तर मी भांडायलाही गेले असेन. आत जाऊन बसले आणि माझंच रडू फुटलं.

प्रयागबाईंनी पाणी दिलं. वाती वळत राहिल्या. मग बोलल्या.

"आमच्या हिरीत चार आणे हिस्सा व्हता माजा. सासऱ्यानं हयातीत वाटून दिलेला. चार दिसातनं एक दिस पाणी. मी बाळंत झाले, अंगात ताप. दीर म्हणला, वैनी, येवडा आठवडा तुमची पाळी मी वापरतो, तुमी पडून ऱ्हावा. म्या म्हणलं, घ्या भावजी."

"मग?"

"मग काय. त्या आठवड्याला तीस वर्सं झाली." त्यांनी वात उजेडात धरून बघितली. "पोरगं ऱ्हायलं न्हाई. पाळीबी ऱ्हायली न्हाई. पंच म्हणलं, तुमी सोडली व्हती म्हणून त्यानी घेतली. तवा म्या ठरवलं, हातात आलेली पाळी, रिकामी गेली तरी चालंल, दुसऱ्याच्या हातात द्यायची न्हाई."

मग मी काही मागितलं नाही. काय मागणार होते? इंदूला उचललं आणि घरी आले. आदेशला फोनवर सांगितलं, राहू दे, जुलैत रडली तर रडली, दोन दिवसांत गप्प होईल. तो म्हणाला, "हो, होईल की." आणि मग आम्ही दोघंही गॅसच्या नंबराबद्दल बोललो.

पंचवीस तारखेचा शुक्रवार. मी आठ ते दहाची पाळी न वापरताच सोडली होती. साडेतीनला इंदूला झोपवून तिच्याशेजारी आडवी झाले होते, माझा हात तिच्या मानेखाली अडकलेला, तर दारावर थाप.

प्रयागबाई. "झोपलीस काय? चार वाजत आलं."

"मावशी, तुम्हीच तर..."

"पाळी न्हाई देनार. ते आजबी सांगते." त्यांनी आत वाकून कॉम्प्युटरकडे बघितलं. "पण माज्या रानात तू पीक लाव की. माजं रान, माजी पाळी, तुजं पीक. निम्म्या वाट्यानं."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी इंदूखालचा हात इतक्या जोरात काढला की ती जागी झाली.

हौशीराम भाऊंनी तोंडाला रुमाल बांधून मॉनिटर उचलला, तो जुना, पाठीमागे पोट असलेला, दोन माणसांनी उचलायचा. मी खालचा डबा घेतला. गुरुजी कीबोर्ड छातीशी धरून आले. टेबल नव्हतं, म्हणून सगळं प्रयागबाईंच्या ज्वारीच्या कोठीवर मांडलं. गुरुजींना शंका आली. त्यांनी जिन्यातून खाली विचारलं, "अण्णा, हे चालतं का? यंत्र नूतनचं, घर यांचं."

अण्णा विचार करत होते. चारला सात मिनिटं कमी.

"पाळी प्रयागबाईची," अण्णांचा आवाज आला. "रान प्रयागबाईचं. पीक कुणाचं लावलंय ते इचारायचं पाटकऱ्याला कारण न्हाई."

प्रयागबाईंनी तांब्यातून टोक काढलं, पदरानं पुसलं आणि माझ्या हातात न देता स्वतः धरून ठेवलं. मी दाखवलं त्या भोकात त्यांनीच ते खोचलं. चार वाजले.

"सोडलंऽऽ!"

आणि आलं. असं आलं की मला भीतीच वाटली. आदेश, अख्खा. कपाळ, डोळे, नाक, मिशी, मागे निळा पत्रा आणि त्यावर लटकलेला कुणाचा तरी बनियन. वाळला होता. गाल आत गेले होते. हे त्यानं फोनवर कधी सांगितलं नव्हतं.

मी पुढे झाले, तर प्रयागबाईंनी कोपरानं मला बाजूला केलं, इंदूला माझ्याकडून घेतलं, मांडीत बसवलं आणि कॅमेऱ्यापुढे मांडी घातली.

"निम्मा वाटा माजा. आधी माजा. अर्ध्या तासातली पंधरा मिनटं." आणि पडद्याला, खणखणीत, "काय रं आदेश, जेवलास का?"

आदेश गोंधळला. "हो मावशी. नमस्कार. नूतन कुठे—"

"हाय हितंच. काय खाल्लं?"

"भात. मासे."

"मासं? वाळूत मासं?"

"समुद्र जवळ आहे, मावशी."

"आनी पेयाला पाणी?"

"समुद्राचंच. गोड करून देतात."

प्रयागबाईंना हे फार पटलं नाही. त्यांनी तिथली पाळी कशी, कोण सोडतं, किती दिवसांनी, सगळं विचारलं. मी घड्याळाकडे बघत होते. चार नऊ. चार अकरा. माझे तीन शुक्रवार, नऊ महिने, आणि या बाई वाळवंटात बाजरी होते का ते विचारतायत. इंदूनं मिशी बघितली होती आणि प्रयागबाईंच्या पदरात तोंड घालून थरथरत होती. रडत नव्हती, पण आता रडेल अशी.

"बाजरी न्हाई व्हत तर लोकं खात्यात काय?"

"खजूर, मावशी," आदेश म्हणाला. तो शहाणा माणूस. तोही आता घाई न करता सावकाश बोलत होता, ओट्यावर बसल्यासारखा. "लई गोड असतो. येताना आणीन तुम्हाला."

"दातं न्हाईत मला. बी काढून आण."

तो हसला. पदराआडून इंदूचा एक डोळा बाहेर आला. ज्या माणसाशी प्रयागबाई इतक्या निवांत बोलतात, तो काही चावणारा नसणार. दुसराही डोळा आला. मी भिंतीला टेकले. चार सोळा. प्रयागबाई बोलतच होत्या, आणि मला त्यांना थांबवायचं नव्हतं.

"आवाज दे तिला," प्रयागबाई एकदम हळू म्हणाल्या. "फोनात देतोस तसा."

"इंदू," आदेश म्हणाला. "ए इंदू. बाबा बोलतोय."

इंदू दचकली. पडद्याकडे तिनं पाहिलंच नाही. तिनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग मांडीवरून उतरून फरशीवर रांगत सरळ माझ्याकडे आली, माझ्या कमरेला खोचलेला मोबाइल ओढून काढला आणि त्याला कानाशी नाही, तोंडाशी धरून म्हणाली, "बाबा?"

मोबाइल गप्प.

"इंदू, ए. इकडे," कोठीवरून आवाज आला.

ती वळली. बराच वेळ बघत राहिली. मोबाइलकडे. पडद्याकडे. तिच्या कपाळाला आठी पडली होती, हिशेब न जुळणाऱ्या वाण्यासारखी. मग ती एक हात मोबाइलला गुंतलेला ठेवून, तीन पायांवर लंगडत कोठीपर्यंत गेली. कोठीला धरून उभी राहिली. आधार धरून उभी राहते हे आदेशला माहीत नव्हतं. त्यानं तोंडावर हात ठेवला. तिनं मोबाइल उंच करून पडद्यावर ठेवला, बरोबर त्याच्या गालावर, आणि त्याला ओळख करून दिली.

"बाबा," ती म्हणाली.

म्हणजे, हा बघ, हा माझा बाबा.

"हो," आदेश म्हणाला. "हो गं. नमस्कार बाबा."

तिला हे फार आवडलं. तिनं मोबाइल काढला, पडद्याचा मुका घेतला. काचेवर लाळेचा गोल उमटला, मिशीच्या थोडा खाली. मग मोबाइलचा घेतला. मग पुन्हा पडद्याचा. कोण कोणाचं आहे ते तिनं ठरवलं नाही, दोघांनाही ठेवून घेतलं. मी शेवटची काही मिनिटं पुढे येऊन बसले. आम्ही दोघं काय बोललो ते आठवत नाही. गॅसचा नंबर लागला, असं काहीतरी मी सांगितलं. साडेचारला त्याच्या मागे चाचांचा हात दिसला, घड्याळ दाखवणारा, आणि पडदा निळा झाला.

इंदू निळ्या पडद्याला मोबाइल दाखवत राहिली. मग कंटाळून प्रयागबाईंच्या मांडीवर चढली आणि तिथेच, अंगठा तोंडात घालून, झोपली.

मी वायर काढायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," प्रयागबाई म्हणाल्या. "सहापर्यंत माजी हाय."

हौशीराम भाऊ मॉनिटर परत न्यायला आले होते, ते रुमाल बांधूनच उंबऱ्यावर टेकले. पाच वाजले. साडेपाच. निळा पडदा, लाळेचा गोल, आणि नेट नुसतं येत राहिलेलं. प्रयागबाई इंदूच्या पाठीवर हात फिरवत होत्या, वरून खाली, वरून खाली.

सहाला खालून हाक आली. पाळी संपताना पाटकरी विचारतो तशी.

"प्रयागबाईऽऽ! भिजलं का रान? पाडू का दार?"

मी उत्तर द्यायला उठले, तर त्यांनी मला हातानंच बसवलं. मांडीवरच्या इंदूकडे बघितलं, आणि ती जागी होणार नाही इतपत आवाज चढवून सांगितलं.

"एक सरी ऱ्हायलीया, अण्णा. थांबा जरा."

अण्णा थांबले.